लाल दोरी

रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच माझ्या लहानपणी दीड तास घ्यायची. आजोळी जाता-येता मी तांडेलाच्या शेजारी बसायचा हट्ट धरायचे. त्याचा एक हात सुकाणूवर असायचा, नजर समोर, आणि तोंडानं कुणाशी तरी मासळीच्या भावाची चर्चा चाललेली असायची. दूरवर मालवाहू जहाज दिसलं की तो सुकाणू थोडंसं वळवायचा आणि पुन्हा गप्पांत शिरायचा. लाँच सावकाश वळायची, पण तेवढा वेळ तिच्यापाशी असायचा. ताशी जेमतेम १५ किलोमीटर वेगानं चाललेली लाँच सेकंदाला चार मीटर पुढे सरकते. दोनशे मीटरवर काही आडवं आलं तर तिच्याजवळ जवळजवळ ५० सेकंद असतात. तेवढ्यात चूक ध्यानात येते, कुणीतरी ओरडतं आणि चूक सुधारलीही जाते.

आज त्याच पाण्यावरून स्पीडबोटी मांडव्याला जातात आणि लाँचला लागायच्या त्याच्या पाव वेळात पोहोचतात. ३० नॉटचा वेग म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, सेकंदाला १५ मीटर. ते दोनशे मीटर आता १३ सेकंदांत संपतात. शर्यतीच्या बोटीसारखा ६० नॉटचा वेग असेल तर साडेसहा सेकंदांत. आणि समोरून येणारीही तशीच वेगवान असेल तर त्या साडेसहाचेही निम्मे करा. पाणी तेच आहे, बघणारे डोळेही माणसाचेच आहेत. फक्त चूक सुधारायला मिळणारा वेळ गेला.

१८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मुंबई बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीवर होती. गेटवेहून 'नीलकमल' ही प्रवासी लाँच घारापुरीला निघाली होती. नौदलाच्या निवेदनानुसार इंजिनातल्या बिघाडामुळे बोटीवरचा ताबा सुटला आणि ती लाँचवर आदळली. दोन्हींवर मिळून शंभराहून अधिक माणसं होती. पंधरा जण गेले, त्यांत एक सात वर्षांचा मुलगाही होता. एका प्रवाशानं मोबाइलवर टिपलेलं चित्रण त्या रात्री घराघरांत फिरत होतं. मी ते एकदाच पाहिलं. बोट लांबवर वळण घेते, सरळ होते आणि मग येतच राहते. ती वळेल असं लाँचवरच्या माणसांना शेवटपर्यंत वाटत असणार.

त्यानंतर पुष्कळ चर्चा झाली. लाइफ जॅकेटची सक्ती झाली, किती माणसं बसवली होती हे मोजलं गेलं. ते आवश्यकच होतं. पण मला वेगळाच प्रश्न सोडत नव्हता. वेगवान बोट ताब्यात ठेवायची म्हणजे नक्की काय करायचं? रस्त्यावरच्या गाडीबद्दल आपल्याला एवढं तरी माहीत असतं की ब्रेक कुठे आहे. बोटीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, आणि तिच्यात तर मी दर महिन्याला बसत होते. म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी दोन दिवसांच्या पॉवरबोट वर्गात नाव घातलं. आम्ही पाच शिकणारे होतो. शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले, आवाज हळू, बोलणं मोजकं. बोट सहा मीटर लांब, टणक तळाची आणि भोवती हवेचे फुगीर नळे असलेली, मागे ११५ अश्वशक्तीचं इंजिन.

पहिले दोन तास आम्ही बोटीत पायही ठेवला नाही.

०००

सरांनी जेट्टीवर सगळ्यांना बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात एक लाल, गुंडाळीसारखी लवचीक दोरी दिली. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी. तिच्या एका टोकाला प्लॅस्टिकची खाच असलेला तुकडा, दुसऱ्या टोकाला आकडा. तुकडा इंजिनाच्या बटणाखाली अडकवायचा, आकडा असलेलं टोक चालकानं मांडीभोवती गुंडाळून त्याच दोरीत अडकवायचं. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी ओढली जाते, तुकडा निसटतो आणि इंजिन बंद पडतं. हिला किल कॉर्ड म्हणतात. यात ना इलेक्ट्रॉनिक्स, ना काही अवघड. किंमत बोटीच्या एका टाकीभर पेट्रोलपेक्षाही कमी.

"बोटीत बसल्यावर पहिली गोष्ट ही. उतरण्याआधी शेवटची गोष्ट ही," सर म्हणाले. मग त्यांनी आम्हाला ती लावायला आणि काढायला लावली, पुन्हा पुन्हा, डोळे मिटूनसुद्धा. दोरी मनगटाला का नको, तेही सांगितलं. सुकाणू फिरवताना ती मनगटावरून चाकात अडकते, आणि ओल्या मनगटावरून निसटतेही. रोज सकाळी इंजिन सुरू केल्यावर दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का हे बघायचं. बोटीत एक जादा दोरी ठेवायची, कारण चालक दोरीसकट पाण्यात गेला तर मागे राहिलेल्यांना इंजिन पुन्हा सुरू करून त्याला उचलायला जावं लागतं.

मला तेव्हा हा सराव जरा लांबल्यासारखा वाटला. मग सरांनी पॅडस्टोची हकीकत सांगितली.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पॅडस्टो नावाचं बंदर आहे. तिथल्या कॅमल नदीच्या मुखाशी ५ मे २०१३ रोजी आईवडील आणि चार मुलं असं कुटुंब आठ मीटरच्या वेगवान बोटीतून फिरायला निघालं होतं. दुपार छान, पाणी शांत, किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी. फेरफटका संपत आला असताना सुकाणू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं, वेग वाढला आणि बोटीनं घट्ट वळण घेतलं. वळताना बोट आतल्या बाजूला कलते. या बोटीच्या तळाची धार मध्येच पाण्यात रुतली आणि बोट झटक्यात उलट्या बाजूला उसळली. सहाच्या सहा जण बाहेर फेकले गेले. दोरी कुणालाच लावलेली नव्हती. इंजिन चालूच राहिलं आणि रिकामी बोट गोल गोल फिरत त्याच माणसांवर परत परत आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. आई आणि एक लहान मुलगा गंभीर जखमी झाले. शेवटी तिथल्याच एका माणसानं दुसऱ्या बोटीतून त्या फिरत्या बोटीत उडी मारून ती थांबवली.

रिकामी बोट सरळ निघून का जात नाही, याचं कारण इंजिनाच्या पंख्यात आहे. पंखा एकाच दिशेला फिरतो आणि त्याचा पीळ इंजिनाला एका बाजूला ओढत असतो. सुकाणूवर हात असतो तोवर तो जाणवतही नाही. हात सुटला की इंजिन वळतं, बोट वर्तुळात शिरते, आणि ते वर्तुळ जिथं माणूस पडला त्याच्याच आसपास असतं. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर पंखा साधारण दीड हजार घेतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस. पडलेल्या माणसाला समुद्रापेक्षा स्वतःच्या बोटीचं भय जास्त.

अमेरिकेनं १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान मोटरबोटींना हा इंजिन बंद करण्याचा स्विच वापरणं केंद्रीय कायद्यानं बंधनकारक केलं. तिथल्या तटरक्षक दलाचा २०२२ चा अहवाल सांगतो की बोट-अपघातांत मेलेल्यांपैकी ७५ टक्के बुडून मेले, आणि बुडालेल्यांपैकी ज्यांची माहिती मिळाली त्यांतल्या ८५ टक्क्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. चालकाच्या शिक्षणाची माहिती मिळाली त्यांतले ७४ टक्के मृत्यू अशा बोटींवर झाले जिथं चालकानं सुरक्षिततेचं शिक्षणच घेतलेलं नव्हतं. समुद्र, वादळ, लाटा यांना आपण उगाच दोष देतो. बहुतेक वेळा मरण न लावलेल्या दोरीतून आणि न बांधलेल्या पट्ट्यातून येतं.

०००

दुपारी बोटीत बसलो तरी वेग मिळाला नाही. चालण्याच्या गतीनं जेट्टीला लागायचं, सुटायचं, पुन्हा लागायचं. कंटाळवाणं वाटेल, पण त्यातच पहिला मोठा धडा होता. बोटीला ब्रेक नसतो. गाडी रस्त्याला धरून असते, बोट पाण्यावर असते आणि पाणी स्वतःही चालत असतं. इंजिन मोकळं सोडलं तरी वारा आणि ओहोटी तिला नेत राहतात. शिवाय सुकाणू फिरवलं की गाडीसारखं पुढचं तोंड आधी वळत नाही. बोटीची मागची बाजू बाहेर सरकते. जेट्टीपासून निघताना घाईनं वळवलं तर मागचा भाग जेट्टीवर आपटतो. हे कानांनी ऐकून समजत नाही, दोनदा आपटल्यावर समजतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आरशासारखं होतं. सरांनी मला पुढे बसवलं. मी दोरी लावली, मागे बसलेल्यांना "धरा" म्हणून सांगितलं आणि थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा दांडा, पुढे ढकलला.

आधी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठली. समोरचं काहीच दिसेना, नुसतं आकाश. या क्षणी बोट आपणच उभारलेल्या लाटेचा चढ चढत असते. पाणी कापत जाणाऱ्या कुठल्याही बोटीला वेगाची एक मर्यादा असते आणि ती तिच्या लांबीवर ठरते. म्हणूनच लाँचला कितीही मोठं इंजिन बसवलं तरी ती फार पळत नाही. वेगवान बोटीचा तळ त्या मर्यादेच्या पलीकडे जाण्यासाठी घडवलेला असतो. पुरेशी ताकद मिळाली की ती चढ ओलांडते, नाळ खाली येते आणि बोट पाण्यातून जायची सोडून पाण्यावरून जाऊ लागते. तळ्यात चपटी ठिकरी फेकल्यावर ती टप्पे घेत जाते, तसंच काहीसं. याला प्लेनिंग म्हणतात. तो बदल अंगाला कळतो. आवाज पातळ होतो, सुकाणू हलकं होतं आणि बोट अचानक तुमचं सगळं ऐकते. त्या दोन मिनिटांत मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. लोक यासाठी आयुष्याची कमाई का घालवतात ते कळलं.

धोकाही तिथंच असतो. पाण्यावरून जाणाऱ्या बोटीचा जेमतेम मागचा तिसरा हिस्सा पाण्याला टेकलेला असतो. इंजिनाचा कल बदलणारं एक बटण थ्रॉटलवरच असतं, त्याला ट्रिम म्हणतात. इंजिन आत घेतलं की नाळ खाली दबते, बाहेर काढलं की वर उचलली जाते. सुटताना आत, वेग आल्यावर हळूहळू बाहेर, वळणाआधी पुन्हा आत. जास्त बाहेर गेलं तर नाळ वर-खाली उड्या मारू लागते. फार आत राहिलं आणि वेग जास्त असला तर नाळच पाण्यात रुतते, मागचा भाग पुढे जायला बघतो आणि बोट गर्रकन फिरते. वाळूवर घसरणाऱ्या मोटारसायकलच्या चाकाला अचानक डांबर सापडलं तर स्वार उलट्या बाजूला उडतो, पॅडस्टोला झालं ते तसंच.

आजच्या वेगवान बोटींचा इंग्रजी 'व्ही'सारखा खोल तळ अमेरिकेतल्या रे हंट या आरेखकानं रूढ केला. १९६० साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत अशा तळाची 'मॉपी' ही बोट खवळलेल्या समुद्रातून सुमारे आठ तासांत पोहोचली. तिच्या मागोमाग आलेलीही हंटच्याच आरेखनाची होती, बाकीच्या दुसऱ्या दिवशी लागल्या. सपाट तळ लाटेवर आपटतो, खोल तळ लाट कापून मऊ उतरतो. पण तळ कितीही चांगला असला तरी लाटेवरून हवेत गेलेली बोट खाली येताना माणसाच्या कण्यावरच येते. ब्रिटनमध्ये वेगवान सहलीच्या बोटींत पुढच्या बाकांवर बसलेल्या प्रवाशांचे मणके दबून मोडल्याचे प्रकार तिथल्या सागरी अपघात तपास विभागानं नोंदवले आहेत. झोके आणि उसळ्या सगळ्यात जास्त नाळेकडे, सगळ्यात कमी मागे. आपल्याकडे मुलं आणि हौशी आजोबा हट्टानं पुढे बसतात आणि कुणी त्यांना उठवत नाही.

लाट पार करायची रीत आहे. समोरून लाट आली की चढताना थोडा थ्रॉटल द्यायचा, माथ्याजवळ काढून घ्यायचा. दुसऱ्या बोटीच्या मागची लाट ओलांडायची असेल तर आधी वेग कमी करायचा आणि थोडं तिरकं जायचं. लाट मागून येत असेल तर तिच्या पाठीवर राहायचं, माथा ओलांडून पुढच्या खोलगटात नाळ खुपसायची नाही. आणि थांबायचं असेल तर थ्रॉटल एकदम मागे ओढायचा नाही. बोट थांबते, पण तिनं मागे सोडलेली लाट थांबत नाही. ती पाठीमागून येऊन बोटीत शिरते. पायरी पायरीनं वेग उतरवायचा. उजवा हात पूर्ण वेळ थ्रॉटलवर, आणि तोही असा टेकवलेला की धक्का बसल्यावर हात पुढे जाऊन वेग वाढणार नाही. ही साधी सवय अंगी यायला मला अख्खी सकाळ लागली.

०००

वेगाचा इतिहास वाचताना मला दर वेळी एक गोष्ट दिसली. मोठमोठे लोक महाकाय लाटांत नाही, किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत गेले. १३ जून १९३० रोजी हेन्री सीग्रेव्हनं विंडरमिअर सरोवरावर ताशी ९८.७६ मैलांचा विक्रम केला आणि त्याच दिवशी पुढच्या फेरीत त्याची बोट उलटून तो मरण पावला. बोट पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याला धडकली असावी असं मानलं जातं. फेरारीचा मोटार शर्यतपटू दिदिए पिरोनी गाडीच्या भीषण अपघातातून वाचला आणि बोटींकडे वळला. २३ ऑगस्ट १९८७ रोजी इंग्लंडच्या आयल ऑफ वाइटजवळ एका तेलवाहू जहाजाच्या मागे उठलेल्या लाटेवर त्याची बोट उडाली, बोटीवरचे तिघेही गेले. ३ ऑक्टोबर १९९० ला मोनाकोच्या राजकन्या कॅरोलिन यांचे पती स्तेफानो कासिरागी घरच्याच समुद्रात शर्यतीत मरण पावले. ते विश्वविजेते होते.

त्यानंतर शर्यतींचे नियम कडक होत गेले. चालकाला पट्ट्यांनी बांधणं आणि भक्कम बंद कोशात बसवणं ही रीत झाली. फॉर्म्युला वन बोटींच्या चालकांना एक परीक्षा द्यावी लागते. पोहण्याच्या तलावात खोट्या कोशात पट्ट्यांनी बांधून त्यांना उलटं करतात आणि पाण्याखाली स्वतःला सोडवून बाहेर यायला लावतात. हे जमलं नाही तर शर्यत नाही. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या तेव्हा कठड्यावर बसलेल्या मुंबईकरांनी २५० अश्वशक्तीच्या बोटी उसळताना पाहिल्या. प्रत्येक बोटीत दोन माणसं होती. मैदानावर, म्हणजे आखलेल्या आणि रिकाम्या केलेल्या पाण्यावर, बांधलेले, हेल्मेट घातलेले दोघे. सुट्टीच्या दिवशी गजबजलेल्या किनाऱ्यावर मात्र एकटा पोरगा तसल्याच जोराची बोट हाकतो, पायात स्लीपर, मागे दहा जण. मला ही तुलना बोचते.

०००

आपल्या समुद्राची स्वतःची काही शिस्त आहे आणि ती पुस्तकातून येत नाही. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी जवळजवळ पाच मीटरपर्यंत चढतं, म्हणजे दीड मजला. सकाळी ज्या खडकावरून बोट आरामात गेली तोच खडक दुपारी पाण्याखाली हातभर अंतरावर असतो. भांगाच्या दिवसांत फरक कमी असतो, अमावास्या-पौर्णिमेला सगळ्यात जास्त. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी गेटवेहून निघालेल्या बोटींपैकी एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एका तरुणाचा जीव गेला. सरांनी आम्हाला सागरी नकाशा उलगडून दाखवला. त्यावरचा प्रत्येक लहान आकडा म्हणजे ओहोटीच्या वेळी तिथं किती पाणी उरतं ते. नकाशा पाहिल्याशिवाय वेग घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती.

त्यांच्याबरोबर असलेला खलाशी कोळी होता. नकाशाकडे न बघता तो डोल जाळ्यांचे खुंट कुठे आहेत ते सांगत होता. पंख्यात जाळं अडकलं की इंजिन बंद पडतं, आणि ओहोटीत बंद पडलेली बोट खडकाकडे जाते. त्याचं आणखी एक सांगणं होतं. स्पीडबोटीच्या लाटेनं लहान होडी उलटते, जाळं ओढणारा माणूस पाण्यात जातो. मासेमारी चाललेली दिसली की वेग उतरवायचा. हा नियम कुठल्याही परवान्यावर लिहिलेला नसेल, पण या पाण्यावर ज्यांचा पहिला हक्क आहे त्यांचा तो आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. पावसाळा संपल्यावरचे पहिले काही आठवडे नद्यांतून आलेले ओंडके आणि फळ्या तरंगत असतात. सीग्रेव्हला एक ओंडका पुरला.

समुद्रावर रस्ता आखलेला नसला तरी नियम आहेत, आणि ते जगभर एकच आहेत. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातले. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. दुसरी बोट तुमच्या उजव्या हाताकडून आडवी येत असेल तर तुम्ही वाट द्यायची. रात्री लक्षात ठेवायला सोपं जातं. बोटीच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. उजवीकडून आडवी येणारी बोट तुम्हाला तिचा लाल दिवा दाखवते. लाल दिसला की वाट द्यायची. आणि या सगळ्या नियमांच्या आधी दोन नियम येतात, डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायचा, आणि वेळेत थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. 'सुरक्षित वेग' म्हणजे कोणता आकडा, हे तिथं दिलेलं नाही. दिसतं किती, गर्दी किती, लाट कशी, बोट किती अंतरात थांबते, यावरून चालकानं ठरवायचं. म्हणून चालक शिकलेला हवा.

०००

वर्गाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझी पाळी दुसऱ्यांदा आली. मधल्या वेळात मी मागे जाऊन बसले होते, दुसरा विद्यार्थी चालवत होता. आम्ही पाण्यावरच जागा बदलल्या. मी बसले, सुकाणू धरलं, मागे पाहिलं, "धरा" म्हटलं, थ्रॉटलला हात घातला. सर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे करून इंजिन बंद केलं.

दोरी इंजिनाला लटकत होती. तिचं दुसरं टोक माझ्या मांडीला नव्हतं, ते माझ्या पायाशी बोटीत पडलं होतं. आदल्या दिवशी डोळे मिटून वीस वेळा लावलेली दोरी, पॅडस्टोची हकीकत ऐकून पोटात कालवाकालव झालेली मी, आणि तरी चालक बदलताना विसरले. सर शांतपणे म्हणाले, "तिथेही बदलतानाच झालं होतं." मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्यानंतर आजतागायत मी एकदाही विसरलेले नाही. पण त्या दिवशी मला नेमकं कळलं की माहिती असणं पुरेसं नसतं. हाताला सवय लागेपर्यंत शिकवणारा शेजारी बसलेला हवा.

शेवटचा धडा पाण्यात पडलेल्याला उचलण्याचा होता. एक लाइफ जॅकेट घातलेला पुतळा पाण्यात टाकला. माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला सुकाणू वळवायचं, म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून दूर जातो. एकानं फक्त बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांमध्ये पाण्यातलं डोकं नारळाएवढं दिसतं. सावकाश जवळ यायचं आणि माणूस हाताशी आला की इंजिन बंद. 'न्यूट्रल' नाही, बंद. मला चार खेपा लागल्या. पुतळा जड होता, आणि त्याला घाबरायला येत नव्हतं. खरा माणूस घाबरतो, गळ्याला मिठी मारतो.

०००

आपल्याकडे शिकायची सोय नाही असं नाही. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था १९९० पासून आहे, तिथं पॉवरबोट चालवणं आणि जीवरक्षण दोन्ही शिकवतात. मुंबई बंदरात आणि मांडव्याच्या बाजूला नौकानयनाचे वर्ग आहेत. जलक्रीडेचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळ देतं. पण मालवण, तारकर्ली, देवबाग, काशीद, नागाव या किनाऱ्यांवर गेल्या पाच-सहा वर्षांत मी ज्या ज्या स्पीडबोटींत बसले त्यांतल्या बहुतेकींवर लाल दोरी इंजिनाजवळच लटकत होती आणि चालकाचा पाय मोकळा होता. ती पोरं वाईट नाहीत. त्यांना लाट माझ्यापेक्षा शंभरपट कळते. कुणी त्यांना दोरी लावायला लावलेली नाही, आणि आपणही कधी विचारलेलं नाही.

परवान्याबरोबर दोन दिवसांचं शिक्षण सक्तीचं करायला आणि बोट सुटण्याआधी जेट्टीवरच्या माणसानं चालकाच्या मांडीकडे एक नजर टाकायला फार पैसे लागत नाहीत. सरकारनं हे करावं, लवकर करावं. पण तोवर हंगाम थांबणार नाही. हे वाचत असताना कदाचित तुमचं मालवणचं किंवा अलिबागचं बुकिंग झालेलं असेल. बोटीत बसाल तेव्हा मुलांना मागच्या बाकावर बसवा, जॅकेटचे पट्टे स्वतःच्या हातांनी आवळा, आणि मग चालकाकडे बघा. त्याच्या पायाला लाल दोरी दिसली नाही तर हाक मारून, प्रेमानं सांगा, "दादा, दोरी लावा, मग निघू." तो लावेपर्यंत बोट सोडू देऊ नका.